बावीस खुर्च्या

न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींना पहिला गृहपाठ कॉलेज सुरू होण्याआधी, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीतच मिळतो. होमरचं ‘इलियड’. पहिल्या तासाला येताना पहिले सहा सर्ग वाचून या, असा निरोप. माझ्या भाचीकडे ते पुस्तक आलं तेव्हा दाजींनी ते आधी मागून, मग पुढून पाहिलं. दाजी पुण्यात इंजिनिअरिंग करून न्यू जर्सीला गेलेले, हिशेबाला पक्के. म्हणाले, “वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर मोजायचे आणि पोरीने ग्रीकांची भांडणं वाचायची? हिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय ना?” भाची पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “ते केलं तरी हे करावंच लागतं, बाबा. ऑप्शनला टाकता येत नाही.”

‘ऑप्शनला टाकणं’ हा शब्द तिला आईकडून, म्हणजे माझ्या ताईकडून मिळालेला. पण तिने तो नेमका वापरला. या अभ्यासक्रमाचं सगळं वेगळेपण त्यातच आहे.

नाव ‘लिटरेचर ह्युमॅनिटीज’, मुलांच्या तोंडी ‘लिट ह्युम’. पहिलं अख्खं वर्ष, आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तासांना थोडाच कमी वेळ. होमरपासून सुरुवात, मग शोकांतिकाकार, हिरोडोटस, प्लेटो, बायबलमधले काही भाग, व्हर्जिल, ऑगस्टीन, दांते, माँतेन, शेक्सपिअर, सर्व्हांटिस, जेन ऑस्टिन, व्हर्जिनिया वुल्फ, टोनी मॉरिसन. दुसऱ्या वर्षी ‘कंटेंपररी सिव्हिलायझेशन’ म्हणजे ‘सीसी’. त्यात प्लेटोच्या ‘रिपब्लिक’पासून मॅकियाव्हेली, हॉब्ज, रूसो, कांट, मार्क्स, नीत्शे असा राजकीय आणि नैतिक विचारांचा प्रवास. दृश्यकला आणि संगीत यांना प्रत्येकी एक सत्र. या सगळ्याला आणि आणखी काही सक्तीच्या विषयांना मिळून ‘कोअर’ म्हणतात. डॉक्टर व्हायचं असो की बँकेत जायचं असो, कोलंबिया कॉलेजातल्या कुणाचीच यातून सुटका नाही. इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र काही सूट आहे.

मी स्वतः तालुक्याच्या गावी एफ.वाय.बी.ए.ला शिकवते. त्यामुळे हे प्रकरण मला भाचीच्या कौतुकापुरतं राहिलं नाही. सुट्टीत ताईकडे होते तेव्हा भाचीच्या मैत्रिणी, तिच्या पुढच्या वर्गातली मुलं आणि हा विषय शिकवणारी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी यांच्याशी पोटभर बोलले. एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: अठरा वर्षांच्या पोरांना जे स्वतःहून कधीच वाचलं नसतं ते सक्तीने वाचायला लावून त्यातून निघतं काय?

अवघड काय असतं, असं विचारल्यावर मला वाटलं होतं, मुलं भाषेचं नाव काढतील. निघालं भलतंच. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात जहाजांची एक लांबलचक यादी आहे: कुठल्या गावातून कोण सरदार किती जहाजं घेऊन ट्रॉयवर आला. आपल्या महाभारतात दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांची जंत्री येते आणि आपण पानं उलटतो, तसलाच मामला. टेक्सासहून आलेल्या एका मुलाने ती यादी सरळ गाळली. तासाला बाईंनी नेमकं तेच पान उघडायला लावलं. प्रोटेसिलाउस नावाचा एक सरदार त्यात आहे. ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यांत आधी उडी मारणारा आणि सगळ्यांत आधी मरणारा. त्याच्यामागे गालांवर ओरखडे काढून घेतलेली बायको आणि अर्धवट बांधलेलं घर राहिलं, एवढंच कवी सांगतो आणि पुढच्या सरदाराकडे वळतो. बाईंनी विचारलं, नऊ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला या यादीत जागा का? वर्गात कुणी बोलेना. मग एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं, नावं घेतली नाहीत तर माणसं पुसली जातात. कुणी म्हणालं, गाणाऱ्याला ज्या गावात गायचं त्या गावाचं नाव यादीत हवंच, नाहीतर बिदागी कोण देणार? टेक्सासवाल्याने नंतर मला सांगितलं, “मी गाळलं होतं, आणि ते गाळणं सगळ्यांना दिसत होतं. लेक्चर असतं तर कळलंही नसतं.”

एका वर्गात जास्तीत जास्त बावीस मुलं. असे साठच्या आसपास वर्ग एकाच वेळी चालतात आणि सगळे तेच पुस्तक त्याच सुमारास वाचत असतात. मेसमध्ये, वसतिगृहाच्या जिन्यात, धुण्याच्या यंत्रापाशी कुणीही भेटलं तरी ‘अकिलीझचं बरोबर होतं का?’ हा विषय काढता येतो. दाजींच्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात असा सगळ्यांचा एकच विषय म्हणजे क्रिकेट किंवा प्लेसमेंट. इथे तो काही आठवडे होमर असतो आणि मग दांते.

आठवड्याला शेदीडशे पानं, कधी त्याहून जास्त. त्यावर लिहायचे निबंध वेगळे. शेवटी परीक्षा, आणि तिच्यात वर्षानुवर्षं चालत आलेला एक प्रकार: उतारा दिलेला असतो, तो कुठला, कोण कुणाला बोलतंय आणि त्याचं महत्त्व काय, हे सांगायचं. भाची म्हणाली, “मावशी, हा प्रश्न गाईड वाचून सुटतच नाही.” खरंय. सारांश पाठ केला की कथा कळते, पण वाक्याचा आवाज ओळखू येत नाही.

एक गोष्ट तिने मला बऱ्याच उशिरा सांगितली. ब्रिसेईसवरून वर्गात वाद पेटला होता. अकिलीझ आणि ॲगामेम्नॉन यांचं सगळं भांडण जिच्यावरून होतं ती लुटीत मिळालेली बाई. तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही आणि ती स्वतः बोलते ती एकदाच, एकोणिसाव्या सर्गात, अकिलीझच्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी. भाचीने हात वर करून सांगितलं, आमच्याकडे द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते: आधी स्वतःला हरलेला नवरा मला पणाला लावू शकतो का? वर्ग एकदम तिच्याकडे वळला. मग भीष्म काय म्हणाले? तिला उत्तर मिळालं का? कायदा काय होता? भाचीला पुढचं सांगता येईना. तिचं महाभारत टीव्ही मालिका आणि अमर चित्रकथा यांच्यापलीकडचं नव्हतं. त्या रात्री तिने ताईला फोन करून इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ मागवलं. मूळ मराठी नव्हे, इरावतीबाईंनीच केलेलं इंग्रजी.

‘युगान्त’ हे पुस्तक इथे अगदी योग्य जागी आलं, असं मला वाटतं. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, व्यवसायाने संस्कृत साहित्याच्या प्राध्यापक नव्हेत. त्यांनी महाभारत समोर ठेवलं आणि गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांना थेट प्रश्न विचारले. या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिट ह्युमच्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा असते ती याच जातीच्या वाचनाची. टीकाग्रंथ वाचून येऊ नका, पुस्तक वाचून या. शिकवणारेही त्या पुस्तकातले तज्ज्ञ असतात असं नाही. जर्मन कादंबरीवर प्रबंध लिहिणारी बाई ‘इलियड’ शिकवते आणि तिलाही ते मुलांबरोबर, एक पाऊल पुढे राहून, वाचावं लागतं. त्यासाठी शिक्षकांच्या दर आठवड्याला बैठका होतात आणि त्या-त्या ग्रंथाचा जाणकार येऊन त्यांना शिकवतो. शिक्षकांनाही गृहपाठ!

ही पद्धत आली कुठून? दोन झरे आहेत. एक युद्धाचा. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘आपण का लढतोय’ हे समजावं म्हणून युद्धाच्या प्रश्नांवरचा एक अभ्यासक्रम देशभर सुरू झाला. युद्ध संपल्यावर कोलंबियाच्या प्राध्यापकांना वाटलं, लढाईची कारणं सांगायची तर शांततेचीही सांगायला हवीत. १९१९मध्ये ‘सीसी’ सुरू झाला. तेव्हा तो आठवड्याचे पाच दिवस होता आणि इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान अशा निरनिराळ्या विभागांचे लोक तो शिकवायचे.

दुसरा झरा जॉन अर्स्किन या इंग्रजीच्या प्राध्यापकाचा. आठवड्याला एक थोर ग्रंथ, मूळ नसला तर भाषांतरात, आणि संध्याकाळी गोल बसून चर्चा, असा त्याचा प्रस्ताव. सहकाऱ्यांनी टर उडवली. आम्ही जन्मभर एका दांतेवर घालवतो आणि हा म्हणतो, एका आठवड्यात! अर्स्किनचं म्हणणं असं की प्रत्येक ग्रंथ कधीतरी पहिल्यांदा वाचावाच लागतो, आणि हे ग्रंथ लिहिले गेले तेव्हा ते काही प्राध्यापकांसाठी लिहिले नव्हते. १९२०मध्ये त्याचा वर्ग सुरू झाला. लायोनेल ट्रिलिंग, मॉर्टिमर ॲडलर ही मुलं त्यातूनच आली. १९३७मध्ये त्याच कल्पनेतून सगळ्यांसाठी सक्तीचा अभ्यासक्रम झाला, तोच आजचा लिट ह्युम.

ॲडलरची गंमत सांगायलाच हवी. पुढे शिकागोला जाऊन या ‘थोर ग्रंथां’चा देशभर डंका पिटणाऱ्या या गृहस्थाला कोलंबियाने बी.ए.ची पदवी दिलीच नव्हती, कारण त्याने शारीरिक शिक्षणाची अट पुरी केली नव्हती. पोहण्याचं घोडं अडलं. पीएच.डी. मिळाली, बी.ए. नाही! ती शेवटी १९८३मध्ये मिळाली, तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. ७५ यार्ड पोहून दाखवण्याची अट पुढेही राहिली. दाजींना मात्र या सगळ्यात तेवढी एकच अट पटते.

आता यादीकडे येऊ, कारण भांडण तिच्यावरूनच होतं. १९३७पासून कित्येक दशकं एकही वर्ष न चुकता राहिलेली पुस्तकं पाचच: ‘इलियड’, एस्किलसची ‘ओरेस्टेइया’, सोफोक्लिसचा ‘राजा इडिपस’, दांतेचं ‘इन्फर्नो’ आणि शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’. यातला इडिपस पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणला, लिअर विंदा करंदीकरांनी. म्हणजे मराठी वाचकालाही हे घर अगदीच परकं नाही. आणि ‘नटसम्राट’ पाहिलेल्याला लिअरचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

बाकी सगळं बदलत आलंय. कोलंबिया कॉलेज १९८३पर्यंत फक्त मुलांचं होतं. मुली आल्यावर लगेच प्रश्न आला की इतक्या पुस्तकांत एकाही बाईचं पुस्तक कसं नाही? १९८५मध्ये जेन ऑस्टिन आली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं सक्तीच्या यादीत बाईला प्रवेश नव्हता, आणि ते कुणाला फारसं खटकलंही नव्हतं. टोनी मॉरिसनच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ला २०१५ उजाडावं लागलं. त्याच वर्षी रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातल्या बलात्काराच्या कथा वर्गात कशा शिकवल्या जातात यावर विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्यावरून देशभर वादंग झालं.

विद्यापीठाच्या बटलर ग्रंथालयावर दगडात कोरलेली नावं आहेत: होमर, हिरोडोटस, सोफोक्लिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, डेमॉस्थेनिस, सिसेरो, व्हर्जिल. १९८९मध्ये लॉरा हॉचकिस ब्राउन या विद्यार्थिनीने त्या नावांच्या वर कापडी फलक लावला. त्यावर सॅफो, क्रिस्तीन द पिझाँ, सोर हुआना, एमिली डिकिन्सन, व्हर्जिनिया वुल्फ अशी नावं होती. पहिल्या खेपेला सुरक्षारक्षकांनी तो उतरवला, मग रीतसर परवानगीने लागला. तीस वर्षांनी, २०१९मध्ये, नवा फलक आला आणि त्यावर मॉरिसन, माया अँजेलो यांच्या शेजारी ए. रेवती हे नाव होतं. तामिळमध्ये आत्मकथन लिहिणाऱ्या आपल्याकडच्या पारलिंगी लेखिकेचं. मला या सगळ्यात एक गोष्ट आवडते. यादी सक्तीची होती म्हणूनच तिच्याशी भांडायला एवढे लोक तयार झाले. ऐच्छिक विषयाच्या यादीसाठी कोण शिडी लावून इमारतीवर चढतं?

कोलंबिया म्हटलं की मराठी माणसाच्या मनात पहिलं नाव येतं ते बाबासाहेबांचं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते जुलै १९१३मध्ये तिथे पोचले. ‘कोअर’ तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता आणि बाबासाहेब पदव्युत्तर विभागात होते, त्यामुळे ही सक्ती त्यांच्यावर नव्हती. पण त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद पाहिली की माणूस थक्क होतो: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. कुणी आखून न दिलेला ‘कोअर’ त्यांनी स्वतःच स्वतःसाठी आखला. आणि त्यातला एक प्रसंग बावीस खुर्च्यांच्या जवळचा आहे. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात आहे ही मांडणी सभेत किंवा ग्रंथात येण्याआधी एका चर्चावर्गात, प्राध्यापक आणि सहाध्यायांच्या समोर मांडली गेली. वीस वर्षांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जॉन ड्यूईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून केला. भाचीला लेहमन ग्रंथालयातला त्यांचा अर्धपुतळा ठाऊक होता, हा निबंध ठाऊक नव्हता. आता तो तिच्या फोनमध्ये आहे. वाचून होईल की नाही, बघू.

आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना सोन्याचा मुलामा द्यायची सवय आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. एक म्हणजे वाचनच आटतंय. निकोलस डेम्स हे प्राध्यापक १९९८पासून लिट ह्युम शिकवतात. २०२२मध्ये एका पहिल्या वर्षाच्या मुलीने त्यांना सांगितलं की शाळेत तिला एकही पुस्तक अख्खं वाचायला लावलेलं नव्हतं. उतारे, कविता, बातम्या, एवढंच. ‘द अटलांटिक’ मासिकाने २०२४मध्ये ते छापलं तेव्हा बरीच हळहळ झाली. मला आश्चर्य वाटलं नाही. ‘एकवीस अपेक्षित’वर बारावी काढलेली मुलं मी रोज पाहते. आणि हे फक्त मुलांचंच दुखणं आहे असंही नाही. डेव्हिड डेन्बी हा सिनेसमीक्षक १९९१मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, हे दोन्ही अभ्यासक्रम पुन्हा करायला कोलंबियात जाऊन बसला होता. त्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तकात पुस्तकावर मन ठरत नसल्याची त्याची स्वतःची तक्रार पानोपानी आहे, आणि तेव्हा तर मोबाइलही नव्हते.

दुसरी बाजू पैशांची. बावीस मुलांमागे एक शिक्षक म्हणजे साठ वर्गांना साठ माणसं हवीत. ती सगळी कायम प्राध्यापकांतून मिळत नाहीत. बरेच वर्ग पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि कंत्राटी अध्यापक घेतात. नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात तिथल्या शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी पगार आणि आरोग्यविम्यासाठी संप केला तेव्हा ‘कोअर’चे कितीतरी वर्ग बंद पडले. मी जिच्याशी बोलले ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणाली, हा वर्ग मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि माझा प्रबंध यानेच मागे पडलाय. आमच्याकडच्या सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांना, हे वाक्य भाषांतराशिवाय कळेल.

रोझवेल्ट मोंतास यांचं उदाहरण मात्र पैशांच्या या हिशेबाला छेद देतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधून बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेला, इंग्रजी न येणारा मुलगा. क्वीन्समध्ये शेजाऱ्यांनी कचऱ्यात टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्याला प्लेटोचे संवाद सापडले. पुढे तो कोलंबियात शिकला आणि दहा वर्षं याच ‘कोअर’चा प्रमुख होता. त्याच्या ‘रेस्क्यूइंग सॉक्रेटिस’ या पुस्तकात ऑगस्टीन, प्लेटो, फ्रॉइड यांच्या जोडीला चौथे गांधी आहेत. त्याचा दावा असा की ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही त्यांनाच या सक्तीचा सर्वाधिक फायदा. श्रीमंताच्या मुलाला होमर कधी ना कधी, कुठे ना कुठे भेटतोच.

हा दावा मला माझ्या वर्गामुळे पटतो. माझ्याकडे येणारी बरीच मुलं घरातली पहिली पदवीधर होणारी. कुणी सकाळी दूध घालून येतं, कुणी उसाच्या हंगामात महिनाभर दिसतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणात त्यांच्यासाठी ‘भारतीय ज्ञान परंपरा’ आलीय, दोन क्रेडिटची. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात आर्यभटापासून योगापर्यंत सगळ्यांची नावं आणि कामं एका सत्रात उरकायची, नोट्स द्यायच्या, परीक्षा घ्यायची. त्यात एक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला कुठेच जागा नाही. तुकोबांची गाथा नाही, ‘लीळाचरित्र’ नाही, ‘गुलामगिरी’ नाही. ही पुस्तकं महाग नाहीत. ग्रंथालयात धूळ खात पडलेली आहेत. महाग आहे ती बावीस जणांची खोली आणि त्या खोलीत आठवड्याला दोनदा बसू शकणारा शिक्षक. हजेरीपटावर शंभरावर नावं असलेल्या वर्गात चर्चा होत नाही, फार तर प्रश्नोत्तरं होतात.

तरीही परत आल्यावर एक प्रयोग सुरू केला. शनिवारी दुपारी, ज्यांची शेवटची एसटी साडेचारची आहे त्यांना वेळेत मोकळं करून, जेमतेम पंधराएक मुलं आणि ‘राजा ओयदिपौस’. घरून वाचून यायचं, वर्गात मी समजावून सांगणार नाही, अशी अट. पहिल्या खेपेला बहुतेकांनी यूट्यूबवर गोष्ट ऐकली होती आणि ते लगेच उघडं पडलं. दुसऱ्या खेपेला एका मुलीने विचारलं, “मॅडम, राजाला खरं शोधायचंच असतं तर तो त्या आंधळ्या म्हाताऱ्यावर एवढा का चिडतो?” त्यावर अर्धा तास गेला. ट्रॅक्टर चालवणारा एक मुलगा, जो एरवी शेवटच्या बाकावर असतो, म्हणाला, सरपंचाला ग्रामसभेत हिशोब विचारला की तोही आधी विचारणाऱ्याची जात काढतो. मग ग्रामसभेवर आणखी वीस मिनिटं.

प्राचार्यांना उपक्रम आवडला. नॅकच्या अहवालात फोटोसह घालू म्हणाले. फक्त एक अडचण त्यांनी काढली: हे कोणत्या क्रेडिटमध्ये बसवायचं? ओपन इलेक्टिव्ह म्हणावं तर विद्यापीठाच्या यादीत नाही, व्हॅल्यू ॲडेड म्हणावं तर त्याचे तास ठरलेले. सध्या आम्ही ‘वाङ्मय मंडळ’ या जुन्या शीर्षकाखाली नोंद करतो. पुढच्या सत्रासाठी ‘युगान्त’च्या प्रती मागवल्यात. मुलं म्हणतात, महाभारत तर आम्हाला येतंच.